मदत हवी आहे: शरण आलेल्या कैद्याला पार्टीतल्याच एकीने मारलं, आता निवाडा कोणी करायचा?

नमस्कार मंडळी,

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन, फासे टाकून खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती (२०१४ची पुस्तकं) खेळणारा आमचा गट आहे. खेळाडू चार, डीएम (खेळ चालवणारा) मी. लढाई, सापळे, जादूचे नियम यात अडलं तर पुस्तक उघडून निभावून नेता येतं. या वेळी अडलंय ते वेगळंच, म्हणून इथे विचारतोय.

प्रसंग असा. खिंडीपलीकडे हॉबगॉब्लिनांची (एक राक्षसी जमात) फौज जमली आहे. पार्टीने (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीने) त्यांचा एक जासूद पकडला. त्याने हत्यार खाली टाकलं आणि म्हणाला, जीव वाचवणार असाल तर फौज कुठल्या वाटेने उतरणार ते सांगतो. पॅलाडिनने (शपथेला बांधलेला धर्मयोद्धा) शब्द दिला. जासुदाने सांगितलं, आणि खरंच सांगितलं, ते मी आधीपासून ठरवून ठेवलं होतं. रात्रीचा पहिला पहारा चोर क्लासच्या (क्लास म्हणजे पात्राचा प्रकार) पात्राचा. ती खेळाडू अगदी शांतपणे म्हणाली, "सगळे झोपले की मी त्याचा गळा चिरते." कैदी बांधलेला, त्यामुळे फासे टाकायला लावण्यात काही अर्थ नव्हता.

तिचं म्हणणं ऐकलं तर खोट काढणं अवघड आहे. सोडला असता तर तो सरळ छावणीत गेला असता. स्वतः वाट फोडली हे त्याने सांगितलं नसतं, पण आपण किती जण आहोत, जखमी कोण, हे नक्की सांगितलं असतं. खिंडीखाली भरवस्तीचं गाव आहे. एक जीव की दोनशे?

पॅलाडिन खेळणारा यावर गप्प झाला. पात्र नव्हे, तो स्वतः. त्याची शपथ डिव्होशनची: प्रामाणिकपणा, धैर्य, करुणा, सन्मान, कर्तव्य. शब्द त्याने दिला, मोडला दुसरीने. सेशन संपल्यावर त्याने मला एकच विचारलं, "माझी शपथ मोडली का?" क्लेरिक (जादूने बरं करणारा पुरोहित) खेळणारा म्हणतोय डीएमने काय तो निकाल द्यावा. विझर्ड (जादूगार) खेळणाऱ्याला पुढची गुहा कधी येते एवढंच हवंय.

मी थोडं जुनं वाचून काढलं. १९७४च्या मूळ खेळात पात्राच्या नैतिक वृत्तीच्या (अलाइनमेंटच्या) तीनच बाजू होत्या: सुव्यवस्था, तटस्थ, अनागोंदी. १९७८च्या प्लेयर्स हँडबुकात त्याचे नऊ खाने झाले. त्या काळात पॅलाडिनने जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की त्याचं पॅलाडिनपण जायचं, आणि ते कायमचं. पाचव्या आवृत्तीत अलाइनमेंटला नियमांच्या दृष्टीने फारसं वजन उरलेलं नाही. शपथ मोडलीच तर आपल्याच धर्माच्या क्लेरिककडे जाऊन क्षमा मागावी, रात्रभर जागून प्रार्थना करावी, असं सुचवलंय. पश्चात्तापच नसेल तर क्लास सोडायला लावायचा की शपथभ्रष्ट करायचं, ते डीएमवर. म्हणजे चेंडू फिरून माझ्याच हातात.

मला न्यायाधीश व्हायचं नाहीये. पण काहीच बोललो नाही तर ते "चालतंय" असं म्हटल्यासारखंच होईल.

दुसरी काळजी पुढच्या भागाची, तो याहून वाईट आहे. खिंडीखालच्या गावाने एका हॅगशी (दुष्ट चेटकिणीशी) करार केलेला आहे. गावात रोगराई फिरकत नाही. त्या बदल्यात ती दर घरातल्या एका माणसाचं नाव नेते. तो माणूस जिवंत राहतो, पण घरचेच त्याला ओळखत नाहीत. अशी माणसं गावकुसाबाहेर झोपड्या बांधून राहतात आणि स्वतःच्या आईकडे परक्यासारखी कामाला जातात. हॅगला मारलं तर नावं परत येतात आणि साथही परत येते. करार करणाऱ्यांनी राजीखुशीने केला, ज्यांची नावं गेली त्यांना कोणी विचारलं नव्हतं. असला पेच आत्ताच्या वातावरणात टेबलावर ठेवावा का? आणि ठेवला तर क्लेरिक "मी सगळ्यांना बरं करतो" म्हणून तो एका मिनिटात निकालात काढेल का? सगळे पाचव्या लेव्हलवर आहेत.

जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद

निवाडा नंतर बघा, आधी खेळणाऱ्या माणसाकडे बघा. तुम्हीच लिहिलंय की पात्र नाही, तो स्वतः गप्प झाला. त्याच्याशी सेशनबाहेर बोला, आणि चोर खेळणारीशीही, पण दोघांशी एकत्र. वेगवेगळं बोललात तर तुम्ही निरोप्या व्हाल.

पुढच्यासाठी आमच्याकडे एक पद्धत आहे. एखादं पात्र दुसऱ्याने दिलेला शब्द किंवा केलेलं काम उलटवणारी कृती जाहीर करतं, तेव्हा डीएम लगेच "झालं" म्हणत नाही. आधी टेबलाला विचारतो: खेळाडू म्हणून तुम्हाला हे चालेल का? पात्रांना आवडायची गरज नाही. पुष्कळदा दुसराच म्हणतो, "चालेल, पण मला त्या क्षणी जाग येऊ दे." मग गळा चिरण्याऐवजी अंधारात दोघांचं कुजबुजत भांडण होतं, आणि ते कितीतरी रंगतं. आम्ही जॉन स्टॅव्हरोपोलोस यांचं एक्स-कार्डही टेबलावर ठेवतो. नको असलेला प्रसंग आला की कार्डाला हात लावायचा, कारण द्यावं लागत नाही. कार्ड क्वचित उचललं जातं, पण ते आहे म्हणून लोक मोकळेपणी खेळतात.

प्रतिसाद

आम्ही सरळ राक्षस म्हणजे राक्षस असं खेळतो. कैदी घेतच नाही. डोक्याला ताप नाही.

प्रतिसाद

वरच्यांना: तेही चालतं, पण धागाकर्त्याचा जासूद बोलला, घाबरला, सौदा केला. एवढं झाल्यावर तो परत "राक्षस" होत नाही. हा वाद आजचा नाहीच. ऐंशीच्या आसपासच्या बेसिक संचाबरोबर जे साहस मिळायचं, त्यातल्या गुहांमध्ये लढू न शकणाऱ्या माद्या आणि पिल्लं आकड्यानिशी नोंदलेली होती. त्यांचं काय करायचं ते मात्र लिहिलेलं नव्हतं. लोक तेव्हापासून भांडताहेत.

आता तुमच्या प्रश्नाकडे. माझ्या मते पॅलाडिनची शपथ मोडलेली नाही. त्याने खोटा शब्द दिला नव्हता. त्याचा प्रश्न आता पुढे आहे: तो सकाळी काय करतो? हा प्रश्न त्याच्याकडेच सोपवा. प्रेताला मूठमाती देईल, तिला जाब विचारेल, की कर्तव्य म्हणून गिळून पुढे जाईल, यातलं काहीही त्याच्या शपथेत बसतं. तुम्ही शिक्षा दिलीत की त्याचं काम तुम्हीच केल्यासारखं होईल. तिसऱ्या आवृत्तीत तर पॅलाडिनने दुष्ट पात्रांच्या संगतीतच राहायचं नाही असा दंडक होता. परिणाम असा की पॅलाडिन खेळणारा अख्ख्या पार्टीचा हवालदार व्हायचा. तो दंडक गेला ते बरंच झालं.

चोराला बरोबर किंवा चूक ठरवू नका, जगाला उत्तर देऊ द्या. हॉबगॉब्लिन शिस्तीचे, फौजी वळणाचे. जासूद परतला नाही की शोध घेणार. हात बांधलेलं प्रेत सापडलं की छावणीत बातमी फिरणार: ही माणसं शरण आलेल्याला मारतात. इथून पुढे त्यांचा एकही सैनिक हत्यार टाकणार नाही. सहज जिंकल्या असत्या अशा लढाया शेवटच्या हॉबगॉब्लिनपर्यंत चालतील. दुसरीकडे गाव खरंच सावध झालं असेल, फौजेला पार्टीचा ठावठिकाणा कळला नसेल, तर तेही दाखवा. ते झाकलंत तर तिला वाटेल डीएम डूख धरून बसलाय, आणि तिचं काही चुकणार नाही.

प्रतिसाद (धागाकर्ता)

दोघांचेही आभार. "जाग येऊ दे" हे फार आवडलं. दोघांना तो रात्रीचा प्रसंग तिथूनच पुन्हा खेळायचाय का, ते विचारतो. शरण न येणारी फौजही घेतली.

हॅगबद्दल कोणी बोललं नाही. पेच ठेवू की नको?

प्रतिसाद

ठेवा, पण आधी खेळाडूंना एवढं सांगा की गावात पोरकेपणाचा, विसरले जाण्याचा विषय आहे. कथा फुटत नाही, आणि कोणाला घरचं काही सलत असेल तर आधीच कळतं.

क्लेरिकची भीती बाळगू नका, हिशेब करा. लेसर रेस्टोरेशन हा मंत्र दुसऱ्या लेव्हलचा, एका वेळी एकाचा एक रोग जातो. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे दुसऱ्या लेव्हलचे तीन स्लॉट (एका स्लॉटमध्ये एकदा मंत्र टाकता येतो) आणि तिसऱ्याचे दोन, म्हणजे दिवसाला पाच माणसं. पॅलाडिनकडे ले ऑन हँड्सचे (हात ठेवून बरं करण्याचे) पंचवीस पॉइंट, रोगाला पाच लागतात, म्हणजे आणखी पाच. डिव्होशनच्या शपथेमुळे त्यालाही लेसर रेस्टोरेशन येतं, आणि दुसऱ्या लेव्हलचे त्याचे स्लॉट दोन, म्हणजे आणखी दोन. दिवसाला बारा, तेही दोघांनी लढाईसाठी काही न राखता. गाव दोनशेचं आणि साथ पसरणारी. आज कोणते बारा? मुलं आधी, की साथ पसरवणारे, की ज्यांची नावं इतकी वर्षं गेली होती ते? त्यात फौज खिंडीत उभी आहे, ते वेगळंच. जादूने पेच मिटत नाही, उलट त्याला रांग लागते. क्लेरिकने "मी बरं करतो" म्हटलं की आनंदाने हो म्हणा आणि दारात उभ्या असलेल्यांचं वर्णन सुरू करा.

एक बघून ठेवा: हॅग कुठली आहे? नाइट हॅग फीएंड (सैतानी जीव) असते, ती साठ फुटांच्या आत आली आणि मध्ये भक्कम आडोसा नसला तर पॅलाडिनच्या डिव्हाइन सेन्सला (दैवी जाणिवेला) सापडेल. ग्रीन हॅग मोडते फेमध्ये (परीलोकातल्या जिवांत), तिला डिव्हाइन सेन्स पकडत नाही. डिटेक्ट ईव्हिल अँड गुड हा मंत्र टाकला तर मात्र पकडतं. ते दोघांच्याही यादीत आहे, पण तयार करून ठेवलेलं असलं तरच. शिवाय ते एवढंच सांगतं की इथे फे आहे. करार करायला आधी कोण गेलं होतं, गाव की ती, हे त्यातून कळत नाही. ते तुम्ही ठरवलंय का?