‘-हाजिमेरु’ आणि ‘-दासु’ यांतील फरक

जपानीतील ‘-हाजिमेरु’ आणि ‘-दासु’ ही आरंभदर्शक रूपे एकमेकांच्या जागी चालतात, असे एक मत आहे. त्यात थोडी भर घालतो. दोन्ही क्रियापदाच्या ‘मासु’पूर्व रूपाला (‘मासु’ या विनम्र प्रत्ययाआधीच्या भागाला, जसे ‘ताबेमासु’मधील ‘ताबे’) जोडली जातात हे खरे, परंतु ‘-दासु’मध्ये क्रिया अचानक, कर्त्याच्या ताब्याबाहेर सुरू झाल्याची छटा असते. म्हणून मूल एकाएकी रडू लागले की ‘नाकिदाशिता’ सहज येते, पण ‘चला, खायला सुरुवात करू या’ म्हणताना ‘ताबेहाजिमेमाशो’ हेच योग्य ठरते. तिथे ‘-दासु’ खटकते. असेच जोडले जाणारे तिसरे रूप ‘-काकेरु’, त्याला निव्वळ आरंभदर्शक मानणे मात्र मला अपुरे वाटते: ‘इइकाकेते यामेता’ म्हणजे बोलायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला, तर ‘शिनिकाकेता’ म्हणणारा माणूस मरता मरता वाचलेला असतो.