मदत हवी आहे: बहिणीचं "काही नाही, ठीक आहे" (अ‍ॅनोरेक्सिया)

मंडळी, धाकट्या बहिणीला (वय 19) अ‍ॅनोरेक्सिया नर्वोसा (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याचा मानसिक आजार) आहे. मुंबईतच उपचार चालू आहेत, वजन हळूहळू येतंय. त्यामुळे किलो, कॅलरी, डाएट यावर सल्ले नकोत, प्लीज. प्रश्न वेगळा आहे.

तिला राग येतच नाही. म्हणजे दिसत नाही. गणपतीत पार्ल्याला मावशीकडे गेलो होतो. पंगतीत एक काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अगं, काय छान बारीक झालीस! आमच्या हिलाही सांग की काय करतेस ते." ही हसली. "थँक्यू काकू." पानातल्या मोदकाची एक कळी मोडून बाकी तसाच ठेवला, आणि ओढणीखाली अंगठ्याची कातडी सोलत बसली, रक्त येईस्तोवर. परतताना लोकलमध्ये विचारलं, वाईट वाटलं का? "छे गं, काही नाही." दुसऱ्या दिवशी नाश्त्याला हात लावला नाही.

घरात मात्र कौतुक चाललंय: किती समंजस, कधी आवाज चढत नाही! आजीच्या मते तर पोरगी सुधारली.

तिच्या समुपदेशक म्हणतात, हे दाबणंच महागात पडतंय. त्यांनी मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या 1998 च्या प्रयोगाबद्दल सांगितलं. लोकांना किळसवाणी फिल्म दाखवली आणि काहींना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका म्हणून बजावलं. चेहरे कोरे राहिले, किळस तेवढीच वाटली, शरीरावरचा ताण उलट वाढला. ज्यांना त्याच दृश्याकडे अलिप्त नजरेने बघायला सांगितलं होतं, त्यांना किळसच कमी वाटली. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की भावना लपवण्यात गुंतलेल्यांना घडलेलं कमी आठवतं. हे सगळं निरोगी माणसांवरचं, पण अ‍ॅनोरेक्सियात ही दाबण्याची सवय बऱ्याचदा दिसते म्हणे.

मग घरच्यांनी करायचं काय? खोदून विचारलं की ती मिटून जाते, नाही विचारलं तर ताटातलं तसंच राहतं. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

निळी_छत्री: मी यातून गेलेय. "काय वाटतंय?" या प्रश्नाचा मला तेव्हा संताप यायचा, कारण खरंच कळायचं नाही गं. नाव देता यायचं नाही. आणि न जेवल्यावर सगळं बधिर व्हायचं, तेच हवं असायचं. माझी बहीण "घसा दाटलाय का? हात गार पडलेत का?" असं विचारायची. त्याला हो-नाही म्हणता यायचं. चेहरा समोर नसला की अजून सोपं. आम्ही शिवाजी पार्कला फेऱ्या मारायचो.

सावली: मानसोपचार विभागात नर्स आहे. जेवणाच्या पानावर भावनांची चौकशी नको. तिथे फक्त घास. बोलणं नंतर. दुसरं म्हणजे सगळा दोष स्वभावाला देऊ नका. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला 36 धडधाकट तरुणांना महिनोन्‌महिने अर्धपोटी ठेवलं होतं. तेही चिडचिडे, उदास, एकलकोंडे झाले, डोक्यात सतत अन्न. उपाशी मेंदूला भावना सांभाळणं जमत नाही, म्हणून पोट भरणं हाही उपचारच. वजन येऊ लागलं की दाबलेलं वर येतं. उद्या ती आदळआपट करू लागली तर बिघडली समजू नका. चक्कर, छातीत धडधड, जीव नकोसा झाल्याचं बोलणं, यातलं काही दिसलं तर मात्र थांबू नका, थेट हॉस्पिटल. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, मराठीत बोलतात.

धागाकर्ती: दोघींचे मनापासून आभार. पानावर विचारायचं नाही हे आईला आजच सांगते. आजीला कोण सांगणार, त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल! सावलीताई, समुपदेशक रॅडिकली ओपन डीबीटी असं काहीतरी म्हणाल्या, स्वतःला फार आवळून धरणाऱ्यांसाठी असते ती थेरपी. मध्य किंवा पश्चिम रेल्वेवर कोणी करत असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?