गंजलेले बोल्ट बदलायचेत, २५,००० रुपयांत काय घ्यावं?

कातळखुणा: आमचा पुण्यातला छोटा क्लब पाऊस संपल्यावर एक संध्याकाळ भरवतोय. फोटो, गप्पा, चहा-वडापाव आणि देणगीपेटी. जमलेल्या पैशांतून मावळातल्या एका सुळक्याचे रॅपल अँकर (दोराने खाली उतरताना भार घेणारे बोल्ट) बदलू. बोल्ट गंजलेत, हँगर (बोल्टवरची कडी अडकवायची पट्टी) हाताने फिरतात. दोन जागा, प्रत्येकी दोन बोल्ट. ड्रिल मशीन एका सभासदाचं आहे. सामानाला कमाल २५,०००. एक्स्पान्शन (आवळल्यावर भोकात फुगून बसणारे) बोल्ट घ्यावेत की केमिकल (गोंदाने चिकटवायचे)?

सह्यभटक्या: केमिकलच. आणि मशीन उसनं नको, स्वतःचं बॅटरीवालं घ्या. आमचं मशीन आता आसपासचे सगळे क्लब मागायला येतात! पन्नास हजारांच्या वर जाईल, पण एकदाच.

कातळखुणा: बजेट २५,००० आहे हो.

आडवाट: टायटॅनियम बघा. थायलंडला रायलेच्या कड्यांवर स्टेनलेसला भेगा पडल्या, म्हणून तिथे टायटॅनियम लावलं.

घाटमाथा: रायले समुद्राला चिकटून आहे, मावळ नाही. इथे ३१६ प्रतीचं स्टेनलेस पुरे. मात्र हँगर आणि बोल्ट एकाच धातूचे हवेत. आम्हाला एका दुकानदाराने 'स्टेनलेस संच' म्हणून दिला त्यात हँगर स्टेनलेस आणि बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेला निघाला. पावसाळ्यानंतर कातळावर तांबडे ओघळ! बिल्डिंगच्या कामाचे बोल्ट उचलू नका, ईएन ९५९ ची (कातळातल्या बोल्टच्या युरोपीय मानकाची) खूण बघून घ्या.

मेखवाला: आमच्या वेळी मेखा ठोकून सुळके चढलो. जागोजागी बोल्ट कशाला?

घाटमाथा: काका, नवे बोल्ट नाहीत, उतरायचे जुनेच बदलतायत. उतरताना अख्खा भार त्याच दोन बोल्टवर असतो.

मेखवाला: मग जुन्याचं भोक बुजवा तरी. कातळ विद्रूप होतो.

रानवारा: केमिकलला +१.

दोरखंड: केमिकल चांगलं, पण भोक साफ नसेल तर गोंद धुळीला धरतो, कातळाला नाही. ब्रश, फुंकणी, पुन्हा ब्रश. नळीतून आधी येणारा गोंद फेकून द्यायचा, कारण तो नीट मिसळलेला नसतो. मुदत बघा. गोंद वाळेपर्यंत भार नाही. आणि भोक पाडण्याआधी हातोडीने कातळ वाजवा. पोकळ आवाज आला तर जागा सोडा. आपल्या बेसाल्टमध्ये वरून घट्ट दिसणारा थर आतून सुटलेला असतो. दोन्ही बोल्ट एकाच भेगेजवळ नकोत.

सह्यभटक्या: हेच मी म्हणत होतो.

कातळखुणा: सगळ्यांचे आभार. तरी आम्ही एक्स्पान्शनच घेतोय, ३१६ चे, १२ मिमी, हँगरसकट. गोंद वाळायची वाट पाहायला माथ्यावर मुक्काम करावा लागेल आणि केमिकलचा हात आमच्यात कुणाचा बसलेला नाही. एक्स्पान्शन लावणारे दोघे आहेत. हातोडीचा सल्ला मात्र शंभर टक्के पाळणार. उरलेल्या पैशांत कडी आणि साखळी. संध्याकाळी सिमेंटच्या ठोकळ्यात बोल्ट बसवून दाखवू, पैसे कशाला लागतात ते लोकांना समोर दिसेल. टॉर्क पाना (नट ठरावीक जोराने आवळायचा) कुणी दोन दिवस देईल का?