मदत हवी आहे: महिनाअखेरीला स्टॉक टाकायची सक्ती, राजीनामा द्यावा का?

दमलेला_एमआर: औषध कंपनीत एमआर (डॉक्टरांना भेटून औषधं खपवणारा प्रतिनिधी) आहे, एचक्यू (मुख्य ठाणं) लातूर, पावणेचार वर्षं झाली. २८ तारीख उजाडली की एएसएमचा (वरच्या साहेबाचा) फोन, "प्रायमरी कधी टाकतोस?" म्हणजे स्टॉकिस्टच्या (घाऊक विक्रेत्याच्या) माथी कंपनीचा माल. सेकंडरी, म्हणजे त्याच्याकडून दुकानांत विक्री, होवो न होवो. स्टॉकिस्टकडे कॅल्शियमचं दोन महिन्यांचं क्लोजिंग (न खपलेला माल) पडून होतं, तरी गेल्या महिन्यात रात्री साडेदहापर्यंत त्याच्या गोडाऊनच्या पायरीवर बसून ऑर्डर काढली. डीसीआर (रोजच्या कामाचा रिपोर्ट) राहिला की डीए (रोजचा भत्ता) कापतात, रविवारीसुद्धा मीटिंग, ग्रुपवर माझं नाव लाल रंगात. राजीनामा दिला तर काय होईल? लवकर सांगा, सोमवारी साहेब जॉइंट वर्कला (माझ्यासोबत डॉक्टरांकडे फिरायला) येतोय.

औसा_नाका: नोटीस किती दिवसांची? दुसरी नोकरी हातात आहे का? निम्मी माहिती देऊन "लवकर सांगा" म्हणे.

जुनी_बॅग: १८ वर्षं बॅग उचलली. एएसएमलाही वरून तेवढ्याच शिव्या बसतात. सोमवारी त्याला सकाळी सगळ्यात मोठ्या ओपीडीत बसव, दुपारपर्यंत आपोआप मऊ होतो.

विमा_सल्लागार: विम्याची एजन्सी घ्या. साहेब नाही, डीसीआर नाही.

औसा_नाका: टार्गेट नाही म्हणता? कमाल आहे.

हिशेबी: पायरीवर बसून ऑर्डर कशी मिळाली? स्टॉकिस्टला कबूल काय केलंस?

दमलेला_एमआर: नोटीस एक महिना. नोकरी बघतोय. स्टॉकिस्टला सांगितलं, नाही खपला तर परत घेऊ. साहेबानेच सांगायला लावलं.

हिशेबी: लेखी आहे?

दमलेला_एमआर: फोनवर. आणि माझा एक चेक आहे त्याच्याकडे. ८५,००० चा, तारीख टाकलेली नाही. आता तो फोन उचलत नाही.

हिशेबी: अरे बाबा, हे आधी सांगायचं! राजीनाम्याचं नंतर बघ. सही केलेल्या चेकवर तो तारीख टाकून बँकेत भरू शकतो. बाउन्स झाला तर कलम १३८. बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत त्याची नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला तुला १५ दिवस. नाही भरलेस तर केस: २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही. स्टॉप पेमेंट करूनही सुटका नाही.

कोर्टाची_पायरी: सिक्युरिटीचा (हमीपोटी दिलेला) चेक असेल तर केस टिकत नाही.

हिशेबी: सरसकट असं नसतं. आणि टिकत नाही हे सिद्ध करायला तारखांना कोण जाणार, तुम्ही?

लाल_झेंडा: म्हणून युनियन लागते. एफएमआरएआयच्या (एमआर लोकांच्या देशपातळीवरच्या संघटनेच्या) लोकांना भेट. १९७६ चा सेल्स प्रमोशन एम्प्लॉईज कायदा आपल्यासाठीच झाला. ११ दिवस ड्यूटीला एक दिवस भरपगारी रजा त्यातलीच.

जुनी_बॅग: तो कायदा २०२० च्या कामगार संहितेत सामावला. आणि युनियनचं नाव काढलं की बदली थेट गडचिरोलीला.

लाल_झेंडा: घाबरून १८ वर्षं काढलीत, काढा अजून.

पेशंट: तुमच्या या स्टॉकमुळेच डॉक्टर मला तीन-तीन कॅल्शियम लिहितात का?

नांदेड_एचक्यू: ५ वर्षं पूर्ण कर, ग्रॅच्युइटी मिळेल. नाहीतर आमच्याकडे जागा आहे, इनबॉक्स कर.

हिशेबी: ग्रॅच्युइटीचं कुणी विचारलंय? ऐक, गोडाऊनला जा, कॅल्शियमचे बॅच नंबर आणि एक्सपायरी यांचे फोटो काढ, स्टॉकिस्टकडून क्लोजिंग स्टेटमेंट सहीशिक्क्यासह घे. मग साहेबाला मेल: "आपल्या फोनवरील सूचनेनुसार हा माल दिला, रिटर्नला मंजुरी द्यावी." एचआरला सीसी. माल परत गेला आणि क्रेडिट नोट (परत मालाची रक्कम जमा केल्याची चिठ्ठी) निघाली की त्याच दिवशी चेक माग.

दमलेला_एमआर: मेल केला तर साहेब सोमवारी फाडून खाईल.

औसा_नाका: आत्ता काय आरती ओवाळतोय?

दमलेला_एमआर: स्टॉकिस्टचा मेसेज आला. सकाळी दहाला ये म्हणतो, एक्सपायरीचे दोन खोकेही घेऊन जा म्हणे. ते कुठे ठेवू? घरी बायको आधीच सॅम्पलवरून बोलते.

हिशेबी: एक खोकंही उचलू नकोस. एक्सपायरीचा क्लेम तो कंपनीच्या डेपोला पाठवेल. तू फक्त फोटो काढ.