बेसवादक: सूर थांबवण्याचं कसब

बोटांचा वेग आणि स्लॅप (अंगठ्यानं तारांवर मारलेले फटके) यांवरून बेसवादकाची, म्हणजे बेस गिटार वाजवणाऱ्याची, थोरवी ठरते, असं म्हटलं जातं; ते मत मला अजिबात पटत नाही. जेम्स जेमरसननं १९६० च्या दशकात मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांत बेस वाजवला, तोही उजव्या हाताच्या फक्त तर्जनीनं! तारा सपाट पट्टी गुंडाळलेल्या, त्या तो सहसा बदलतही नसे, आणि ब्रिजच्या (गिटारच्या खालच्या टोकाला तारा जिथे टेकतात त्या भागाच्या) झाकणाखाली फोमचा तुकडा. त्यामुळे सूर गोल, भरीव उमटायचा आणि लगेच विरायचा.

माझ्या मते खरं कसब आहे ते सूर कधी थांबवायचा यात. नाशकात गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्रात मी बेस वाजवतो. मंडळाच्या मांडवात मोठे सबवूफर (खालचे सूर वाजवणारे स्पीकर) असतात, खालचे सूर घुमत राहतात आणि गायिकेचे शब्द त्यात बुडतात. तिथे मी प्रत्येक सूर स्नेअर या ड्रमचा ठोका पडायच्या क्षणी डाव्या हातानं दाबून बंद करतो. सूर तेच, लयही तीच, पण ढोलकी एकदम मोकळी ऐकू येते. नवा बेसवादक ऐकताना मी आधी हेच तपासतो.