क्षमा झाली, मग धास्ती का जात नाही?

शाहूपुरीकर: बाप्तिस्मा झालाय, दर रविवारी वाइल्डर मेमोरियल चर्चला जातो. तरी रात्री जुनी पापं आठवून छातीत धडधडतं. देव वही काढून बसलाय असंच वाटतं. काय करू?

बावड्याची मावशी: लेकरा, बायबलातलं रोमकरांस पत्र ८:१ मोठ्यानं वाच. ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा, म्हणजे शिक्षेचा निवाडा, नाही, असं प्रेषित पौल लिहितो. आणि तो स्वतः आधी ख्रिस्ती मंडळीचा छळ करणारा होता की! माझ्या बायबलात त्या पानावर हळदीचे डाग आहेत, चुलीपाशीच उघडं असतं.

रंकाळ्याचा वारा: भावा, कुणाचं देणं असेल तर देऊन टाक. बायबलातल्या जक्कय जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं. पण क्षमा विकत घेतली न्हाई त्यानं. येशू आधीच त्याच्या घरी उतरलेला.

बावड्याची मावशी: बरोबर. पाळकसाहेबांशी एकदा बोल. आणि धडधड रोजचीच असेल तर डॉक्टरलाही दाखव बाबा, त्यात अविश्वास नाही.