ज्वारी पचते मग कडबा का पचत नाही? दोन्हीत ग्लुकोजच आहे ना?

शिवार_अकरावी:
नमस्कार सगळ्यांना. अकरावी सायन्सला आहे, बायोमॉलिक्युल्सचा धडा चालू आहे. स्टार्च म्हणजे ग्लुकोजची साखळी आणि सेल्युलोज म्हणजे पण ग्लुकोजचीच साखळी, इथपर्यंत ठीक. पण आमच्याकडे ज्वारीचे दाणे आम्ही खातो आणि त्याच ताटांचा कडबा बैलांना जातो, मग कडब्यातलं ग्लुकोज आपल्याला का मिळत नाही? क्लासमध्ये विचारलं तर अल्फा बॉन्ड, बीटा बॉन्ड, लिहून घ्या एवढंच सांगितलं. पाठ झालंय पण डोक्यात शिरत नाहीये. आणि कडबा शिजवला तर पचेल का, तांदूळ शिजवतो तसा?

रसायनवाली:
कागद घे आणि ग्लुकोजची रिंग काढ, त्याशिवाय हे कळणार नाही. १ नंबरच्या कार्बनवरचा ओएच खाली असला तर अल्फा, वर असला तर बीटा. बाकी सगळं सेम, अणू तेवढेच, वजन तेवढंच. साखळी करताना एकाचा १ नंबरचा कार्बन पुढच्याच्या ४ नंबरला ऑक्सिजनमधून जोडतात आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. आता अल्फाने जोडत गेलं की साखळी दरवेळी थोडी वळते आणि तिचं वेटोळं होतं, एका वेढ्यात साधारण ६ ग्लुकोज. बीटाने जोडलं की एक आड एक ग्लुकोज उलटं बसतं आणि साखळी सरळसोट जाते. अशा सरळ साखळ्या शेजारी शेजारी घट्ट बसतात, त्यांच्यात हायड्रोजन बॉन्ड होतात, एकेकटा बॉन्ड कमजोर पण इथे ते इतके असतात की पाण्याला आत शिरायला जागाच उरत नाही. कापूस जवळजवळ पूर्ण सेल्युलोजच असतो, म्हणून तर सुती कपडा कितीही धुतला तरी विरघळत नाही.
शिजवायचं म्हणशील तर स्टार्च ६०-७० अंशांच्या पुढे पाणी पितो, फुगतो, सैल होतो आणि मग अमायलेजला, म्हणजे स्टार्च कापणाऱ्या आपल्या पाचक एन्झाइमला, कापायला सोपा जातो. भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळतात तेही याच कारणाने, ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, फुगलेला स्टार्चच पीठ धरून ठेवतो. कडबा मात्र तासभर उकळला तरी मऊ होईल फक्त, सेल्युलोजच्या साखळ्या तशाच राहणार.

निवृत्त_मास्तर:
ताईंनी उत्तम सांगितलंय, एकच भर घालतो. बीटा बॉन्ड माणसाला तोडताच येत नाही असं मात्र मनात धरू नकोस बाळा, बरीच मुलं तसं लिहितात. दुधातलं लॅक्टोज बघ, त्यात गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज बीटा १-४ नेच जोडलेले असतात आणि तान्हं मूल ते सहज पचवतं, कारण त्याच्याकडे लॅक्टेज असतं. आपल्या अश्रूंमधलं लायसोझाइमसुद्धा जिवाणूंच्या भिंतीतला बीटा १-४ बॉन्डच कापतं. म्हणजे नुसत्या बॉन्डच्या नावाने काही ठरत नाही, त्या आकाराचं एन्झाइम आपल्याकडे आहे का हे बघायचं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशरने १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली ती साखरांवरच्या कामातूनच. सेल्युलोजची किल्ली, म्हणजे सेल्युलेज, माणसाचं शरीर बनवतच नाही.

गोठा_आणि_शेती:
बैल पण बनवत नाही बरं का!! त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जिवाणू असतात ते बनवतात. जिवाणू सेल्युलोज फोडून ग्लुकोज काढतात पण ते स्वतःच खाऊन टाकतात आणि बाहेर सोडतात ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं, बैलाची बरीचशी ऊर्जा त्या आम्लांमधून येते आणि रक्तात लागतं ते ग्लुकोज तो प्रोपिऑनिकपासून लिव्हरमध्ये तयार करतो. रवंथ करून चारा बारीक होतो म्हणजे जिवाणूंना चिकटायला जागा वाढते. आणि कडब्यात लिग्निन, म्हणजे ताटाला लाकडासारखं कडक करणारा पदार्थ, पण असतं, ती साखरच नाही, त्यामुळे जुना कडक कडबा बैलालाही पूर्ण पचत नाही. कुट्टी केली की वाया कमी जातो पण लिग्निन काही कमी होत नाही.

शिवार_अकरावी:
आता चित्र काढल्यावर खरंच दिसलं, खूप थँक्यू सगळ्यांना. मग भाजीतलं सेल्युलोज आपल्या पोटात गेल्यावर नुसतंच बाहेर पडतं का?

रसायनवाली:
बरंचसं हो, पण त्याने मळ मऊ आणि भरीव राहतो ते कामच आहे. शिवाय मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतुमय पदार्थांपैकी काही आंबवतात आणि तीच छोटी आम्लं करतात, ब्युटिरिक तर आतड्याच्या अस्तराच्या पेशी इंधन म्हणून वापरतात. फक्त बैलाच्या मानाने आपल्याला त्यातून मिळणारी ऊर्जा खूप कमी.
आणि घरी एक करून बघ, मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आण, एक थेंब भाकरीच्या तुकड्यावर आणि एक कापसाच्या बोळ्यावर टाक. भाकरी निळी-काळी होईल, कापूस पिवळट तपकिरीच राहील, कारण आयोडीनला शिरायला वेटोळ्याच्या आतली पोकळी लागते आणि ती फक्त स्टार्चमध्ये आहे.